देवाची हाक आणि हातचे काम

आमच्या चिटणीसबाई यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागायला घरी आल्या, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितले की, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी फार तर लोणच्याच्या कृती लिहून देईन. पण त्या दिवसांत आमच्या घरात एक प्रश्न येऊन बसला होता, आणि त्या प्रश्नापायी मी एक चरित्र वाचत होते. तेच लिहा, असे त्या म्हणाल्या. म्हणून हे धाडस.

प्रश्न असा. आमची धाकटी बारावीला बसली आणि निकालाच्या आधीच तिने सांगून टाकले की, मला नर्सिंगला जायचे आहे. आतून कोणीतरी सांगते आहे, हेच तुझे काम, असे तिचे म्हणणे. मला रागही आला आणि भीतीही वाटली. देव काय असा घरोघर सांगत फिरतो? रात्रपाळ्या, परक्यांची घाण काढणे, आणि पुढे लग्नाच्या बाजारात होणारी चौकशी, सगळे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मी बोलणे बंद केले. तिने वाद घातला नाही. वाचनालयातून फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे चरित्र आणून माझ्या उशाशी ठेवले.

हातात दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी बाई, एवढीच मला ती शाळेच्या धड्यातून ठाऊक होती. दुपारच्या वेळी थोडेथोडे वाचत गेले, तेव्हा कळले की, तो दिवा म्हणजे तिच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यातली दोन वर्षेसुद्धा नव्हेत. बाकीचे आयुष्य तिने एकाच गोष्टीपायी काढले. देवाने मला हाक मारली खरी, पण त्याला माझ्याकडून नेमके करवून काय घ्यायचे आहे, हे तिला शोधायचे होते.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडील लग्नानंतर युरोपच्या लांबच्या प्रवासाला गेले होते. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ती जन्मली, म्हणून तेच नाव ठेवले. घर गडगंज. इंग्लंडात दोन मोठी घरे, एक डर्बीशायरमध्ये ली हर्स्ट येथे आणि दुसरे हॅम्पशायरमध्ये एम्बली येथे. नोकरचाकर, पाहुणेरावळे, मेजवान्या. वडील विद्वान. त्यांनी दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. थोरलीचे लक्ष चित्रकलेत आणि आईच्या बैठकीत. धाकट्या फ्लॉरेन्सला मात्र गणिताचे वेड. मुलीच्या जातीला गणित घेऊन काय करायचे, असे आईला वाटे. तिथल्या आयाही आपल्यासारख्याच, हे वाचून मला हसू आले.

७ फेब्रुवारी १८३७ रोजी, सतरावे वर्ष पुरे व्हायच्या आत, फ्लॉरेन्सला वाटले की, देव आपल्याशी बोलला आणि त्याने आपल्याला सेवेसाठी बोलावले. तिने ते लिहून ठेवले, आणि ती तारीख ती म्हातारपणापर्यंत विसरली नाही. पण सेवा कोणती, कुणाची, कुठे, याचा एक शब्द त्या हाकेत नव्हता. मी समजत होते की, अशा माणसांना देव सगळे उलगडून सांगत असेल. तसे काही झाले नाही. त्याच वर्षी सगळे कुटुंब युरोपच्या प्रवासाला गेले. नाच, गाणी, नाटके, मोठमोठ्या लोकांच्या भेटी, आणि हे सगळे फ्लॉरेन्सला मनापासून आवडले. पुढे तिला त्याचेच दुःख होऊ लागले. चारचौघांत चमकण्याची हौस मनात आहे, म्हणूनच देव पुढचे सांगत नाही, अशी तिने आपल्या मनाशी खूणगाठ बांधली.

१८४२ च्या सुमारास इंग्लंडात गरिबांचे फार हाल झाले. घराजवळच्या खेड्यांतल्या झोपड्यांतून फ्लॉरेन्स अन्न, कपडे, औषधे घेऊन जाऊ लागली. जेवायची वेळ झाली तरी ती कुणा आजाऱ्याच्या उशाशी बसलेली सापडे. हळूहळू तिचे मन एका ठिकाणी स्थिरावले. १८४४ साली अमेरिकेतले डॉक्टर हाऊ, अंधांच्या शिक्षणासाठी झटणारे गृहस्थ, एम्बलीला पाहुणे आले होते. तिने त्यांना एकांतात विचारले की, माझ्यासारख्या घरच्या मुलीने रुग्णालयात सेवेला वाहून घेतले, तर ते भयंकर ठरेल का? त्यांनी सांगितले की, रीतीला सोडून आहे खरे, पण मनाने घेतले असेल तर जा. हाक आली तेव्हा सतरावे, आणि काम कोणते हे उमजायला चोविसावे वर्ष उजाडले. सात वर्षे!

दुसऱ्या वर्षी तिने आजीची शुश्रूषा केली आणि आपल्याला लहानाचे मोठे केलेल्या म्हाताऱ्या दाईलाही शेवटपर्यंत सांभाळले. त्याच काळात एक गरीब बाई तिच्या डोळ्यांदेखत दगावली, ती जवळच्या माणसांच्या अडाणी शुश्रूषेमुळे. तेव्हा फ्लॉरेन्सला कळले की, नुसती माया पुरत नाही, शुश्रूषा शिकावी लागते. सॉल्सबरीच्या रुग्णालयात काही महिने राहून शिकायचे, असे तिने ठरवले आणि घरी सांगितले.

घरात आकाश कोसळले. आई रडली, बहिणीला फिट आल्यासारखे झाले, वडील चिडून निघून गेले. इथे मी पुस्तक मिटून ठेवले. कारण त्या आईची बाजू मला पटत होती. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या बायका म्हणजे बहुतेक अशिक्षित, गांजलेल्या. दारू पिणाऱ्याही पुष्कळ. वॉर्डांतून दुर्गंधी, आणि बायकांच्या अब्रूला जपणारे कोणी नाही. कोणती आई मुलीला तिथे धाडील? फॅनीबाई दुष्ट नव्हत्या. त्यांना मुलीचे सुख हवे होते. ते कोणते, हे मात्र आपल्यालाच ठाऊक, अशी त्यांची खात्री होती. माझीही होती.

यानंतरची आठ वर्षे मला सगळ्यांत मोठी वाटली. तिने घर सोडले नाही, आणि घर तिला सोडीना. पहाटे उजाडायच्या आत उठून, मेणबत्तीच्या उजेडात ती देशोदेशींच्या रुग्णालयांचे अहवाल वाचे, आकडे उतरून घेई, वह्याच्या वह्या भरी. न्याहारीची घंटा झाली की वह्या बंद करून खाली येई आणि दिवसभर घरची मुलगी म्हणून वागे. चादरी-काचसामान मोजणे, पाहुण्यांशी बोलणे, आईबरोबर गाडीतून फिरणे. मन आतल्या आत कुढे. आपण वेड्या तर होत नाही ना, अशी तिला धास्ती वाटे.

याच काळात एक चांगले स्थळही होते. रिचर्ड मंक्टन मिल्न्स, कवी आणि पार्लमेंटचे सभासद, माणूस दिलदार. नऊ वर्षे त्यांची ओळख होती. तिलाही ते आवडत. तरी १८४९ साली तिने नकार दिला. तो माणूस वाईट म्हणून नव्हे. त्याच्याबरोबरचे आयुष्य म्हणजे पुन्हा त्याच मेजवान्या आणि तीच बैठक, हे तिला दिसत होते. पुढे ती त्यांच्यासाठी झुरली, हेही तिने लपवले नाही. मला वाटते, हाक खरी की खोटी याची एक कसोटी इथे आहे. नावडती गोष्ट सोडून पळणारे पुष्कळ असतात. तिला आवडती गोष्ट सोडावी लागली.

मन थोडे रमावे म्हणून स्नेह्यांनी तिला इजिप्तला नेले. तिथे मार्च १८५० मध्ये तिने रोजनिशीत लिहिले की, कीर्तीची अपेक्षा न ठेवता फक्त माझ्यासाठी काम करशील का, असे देवाने आज विचारले. हा प्रश्न मी मुद्दाम सांगून ठेवते. पुढे तो पुन्हा येणार आहे. परतताना जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी कायझर्सवर्थ येथे पास्टर फ्लीडनर यांची संस्था तिने पाहिली. रुग्णालय, अनाथ मुले, शाळा, आणि हे सारे चालवणाऱ्या साध्या घरच्या सेविका. पुढच्या वर्षी, १८५१ साली, हट्टाने जाऊन ती तिथे तीन महिने राहिली. पहाटे पाचला उठणे, जाडेभरडे खाणे, दिवसभर रोग्यांची सेवा. घरच्यांनी ही गोष्ट लोकांपासून लपवून ठेवली. ती मात्र कधी नव्हती इतकी सुखी होती.

अखेर वडील विरघळले. त्यांनी तिला वर्षाला ५०० पौंड बांधून दिले, आणि ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या, आजारी स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाची ती व्यवस्थापिका झाली. वय तेहेतीस. हाक आल्याला सोळा वर्षे लोटली होती. तिथे तिने पहिल्यांदा काय केले? प्रत्येक मजल्यावर गरम पाणी नेले, स्वयंपाकघरातून जेवण वर चढवायला पाळणा बसवला, आणि कोणत्याही पंथाची वा धर्माची बाई असली तरी तिला घ्यायचे, असे संचालकांकडून कबूल करून घेतले. भगिनींनो, ही सारी घर चालवणाऱ्या बाईची बुद्धी. आठ वर्षे चादरी मोजल्या त्या वाया गेल्या नव्हत्या.

१८५४ साली रशियाविरुद्ध क्रिमियाचे युद्ध पेटले. इंग्लंडचे जखमी शिपाई इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीच्या रुग्णालयात कुत्र्याच्या मोलाने मरत आहेत, असे वर्तमानपत्रांतून आले. तिने जाण्याची तयारी दाखवणारे पत्र लिहिले, आणि त्याच वेळी युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी तिला जाण्याची विनंती करणारे पत्र लिहिले. दोन्ही पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. आठवड्याच्या आत, २१ ऑक्टोबरला, ३८ स्त्रिया घेऊन ती निघाली. आता आई आणि बहीण अभिमानाने तयारीला लागल्या होत्या. जग कौतुक करू लागले की घरच्यांनाही हाक ऐकू येते!

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती पोहोचली तेव्हा लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. ती भांडली नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हाच वॉर्डात जायचे, असे तिने आपल्या स्त्रियांना बजावले आणि त्यांना कपडे शिवायला, उशा भरायला बसवले. थोड्याच दिवसांत जखमींच्या लोंढ्यापुढे डॉक्टर हतबल झाले आणि त्यांनी बोलावणे धाडले. मग तिने घासायचे ब्रश, टॉवेल, सदरे, भांडी मागवली. एक घर भाड्याने घेऊन पाणी तापवायची सोय केली आणि शिपायांच्या बायकांना कामाला लावून धुलाई सुरू केली. आजाऱ्यांसाठी पेज-सूप शिजवायच्या चुली मांडल्या. रात्री दिवा घेऊन मैलोगणती खाटांमधून फिरली. शिपायांनी तिला देवता मानले, आणि घरोघर तिची चित्रे लागली.

पण आपल्याकडे म्हणतात, दिव्याखाली अंधार. पुढचे वाचताना मला ती म्हण सारखी आठवत होती.

त्या हिवाळ्यात स्कुटारीत चार हजारांवर शिपाई मेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर शंभरांतले ४२ दगावत होते. ती असताना, ती राबत असताना. मार्चमध्ये सरकारने धाडलेले आरोग्य-मंडळ आले. त्यांनी पाहिले की, इमारतीच्या खाली तुंबलेली गटारे आहेत आणि त्यांचे विषारी वारे वॉर्डात येते. पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा सापडला. त्यांनी गटारे धुतली, गाड्या भरभरून घाण उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मरणाचे प्रमाण शंभरात दोनांवर आले.

युद्ध संपल्यावर ऑगस्ट १८५६ मध्ये ती सत्काराची गडबड टाळून, दुसरेच आडनाव लावून गुपचूप घरी आली. तापाने शरीर पोखरले होते. राष्ट्र तिच्यावर फुले उधळायला उभे होते. ती मात्र आकड्यांचे हिशेब घेऊन बसली. विल्यम फार नावाचे आकडेशास्त्राचे जाणकार मदतीला होते. हिशेबातून निघाले ते असे. सुमारे अठरा हजार शिपाई मेले, त्यांतले सुमारे सोळा हजार शत्रूच्या गोळीने नव्हे, रोगांनी मेले. आणि ज्या रुग्णालयात ती दिवा घेऊन फिरली, तिथेच मरणाचे प्रमाण सर्वांत जास्त होते. पुरवठा तोकडा, माणसे थकून आलेली, असे ती तोवर मानत होती. खरा मारेकरी इमारतीच्या खाली होता, आणि आपण तो वेळेवर ओळखला नाही.

आपण रात्रंदिवस ज्यांच्यासाठी राबलो, ती माणसे आपण नीट न पाहिल्याने गेली, हे कळल्यावर बाईचे काय होत असेल? दुसरी कोणी गप्प बसली असती. कोणी विचारणारे नव्हते. सगळे स्तुतीच करीत होते. तिने ते आकडे दाबले नाहीत. उलट अडाण्यालाही दिसावे म्हणून पाकळ्यांसारखी रंगीत चित्रे काढली. टाळता येण्यासारख्या रोगांनी आलेले मरण निळे, जखमांचे तांबडे, बाकीचे काळे. निळा रंग सगळीकडे पसरलेला. ती चित्रे तिने मंत्र्यांपुढे ठेवली. राणीला भेटून तिने चौकशी-आयोगाची मागणी केली आणि १८५७ साली तो नेमला गेला. इजिप्तमधला प्रश्न इथे परत आला होता. कीर्ती हवी की काम? कीर्ती तिच्या दारात उभी होती, आणि तिने काम घेतले.

१८५७ पासून ती बहुतेक अंथरुणालाच खिळली. तिथूनच तिने पुढची चाळीसेक वर्षे काम केले. लोकांनी कृतज्ञतेने जमवलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिने परिचारिकांची शाळा काढली. जे शिकायला तिला घरच्यांनी जाऊ दिले नव्हते, ते शिकायची सोय तिने दुसऱ्यांच्या मुलींसाठी केली.

ती हिंदुस्थानात कधीच आली नाही, पण इथल्या छावण्याछावण्यांतून अहवाल मागवून तिने १८६३ साली दाखवून दिले की, इथे गोऱ्या सैन्यात वर्षाला हजारी ६९ शिपाई मरतात, आणि कारण पुन्हा तेच, पाणी आणि गटारे. दहा वर्षांत तो आकडा १८ वर आला. पुढे तिला समजले की, भोवतालची खेडी गलिच्छ आणि उपाशी ठेवून छावणी निरोगी राहत नाही. मग तिचे लक्ष इथल्या रयतेकडे, दुष्काळाकडे, कालव्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. बालविवाहाविरुद्ध झगडणाऱ्या बेहरामजी मलबारींच्या चरित्राला तिने प्रस्तावना लिहिली. ते चरित्र लिहिणारे दयाराम गिडुमल आणि मलबारी यांनीच १९०८ साली मुंबईत सेवासदन काढले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी रमाबाई रानडे यांना बसवले. पुढच्या वर्षी पुण्यात सेवासदन निघाले, आणि तिथून आपल्याकडच्या विधवा व गरजू बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकायला जाऊ लागल्या. लंडनच्या त्या आजारी बाईचा धागा असा आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

म्हातारपणी तिची दृष्टी गेली. १९०७ साली राजाने ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा मान दिला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरण्याचा मान देऊ केला होता, पण तिच्या इच्छेप्रमाणे एम्बलीजवळच्या ईस्ट वेलो गावी कुटुंबाच्या जागेत तिला पुरले. दगडावर नाव नाही. फक्त दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची साले.

पुस्तक संपले तेव्हा माझ्या मनातला प्रश्न बदलला होता. देव सांगायला येतो का, हे मी विचारत होते. येतही असेल, पण तो पत्ता सांगत नाही. पत्ता माणसाने शोधायचा, तो शेजारच्या झोपडीपासून. हाताला काम लावायचे, शिकायचे, वाट पाहायची, आणि आपल्या कामाचा हिशेब उलटा निघाला तरी तो डोळे उघडे ठेवून वाचायचा. हौस असेल तर ती यातल्या कुठल्या तरी पायरीवर गळून पडते.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि त्या चार महिने अंथरुणावर होत्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग पुसायचे, भांडे द्यायचे. हे सगळे आमच्या धाकटीने केले, अभ्यास सांभाळून, एकदाही तोंड वाकडे न करता. मी ते रोज पाहत होते, आणि गुणाची पोर म्हणून सोडून देत होते. ते नर्सिंगच्या गोष्टीशी जोडायचे माझ्या मनात आले नाही. दिव्याखालचा अंधार माझ्याही घरात होता.

परवा मी तिच्याबरोबर अर्ज भरायला गेले. भीती अजून गेलेली नाही. तिची हाक खरी की हौस, हे तिचे काम तिला सांगेल. आपण आयांनी एवढे करावे की, न्याहारीची घंटा जरा हळू वाजवावी.